शंभरातले सत्त्याऐंशी

नसीम मुजावर दारात उभी राहिली तेव्हा कुमुद दिवटे चहा गाळत होती. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. या वेळेला नसीम इंगवल्यांच्या कारखान्यात कापड तपासायला बसलेली असायची. आज तिच्या हातात डबा नव्हता.

"आत ये की," कुमुद म्हणाली.

नसीम आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं विचारलं, "कुमुदआक्का, मंगळवारी तुम्ही माझ्याकडं सर्व्हेला आला होता. मी कुठलं चिन्ह सांगितलं होतं?"

"जहाज."

"नक्की? जहाजच म्हणाले होते ना?"

"नक्की. का गं, काय झालं?"

"मग काल पाळी सुटताना चौगुले दिवाणजी मला असं का म्हणाले, की आप्पासाहेबांचं खायचं आणि बटण छत्रीचं दाबायचं, हे चालायचं न्हाई?" नसीमचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "अकरा जणांना बाजूला काढलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले. आक्का, मी मत कुणाला देणार हे नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. तुमच्यापुढं तर मी जहाजच म्हणाले. मग त्यांना कळलं कसं?"

कुमुदनं गाळणी खाली ठेवली. कसं कळलं असेल ते तिच्या लगेच लक्षात आलं. आतल्या खोलीत खुंटीला तिच्या कामाची पिशवी होती, आणि त्या पिशवीत टॅब होता.

"मी बघते," एवढंच ती म्हणाली. नसीमनं तिच्याकडं क्षणभर नीट पाहिलं, काढलेल्या अकरा जणांची नावं सांगितली आणि ती चहा न घेताच गेली.

कुमुद बावीस वर्षं लोकांना प्रश्न विचारत आली होती. पुण्याच्या जनकौल संशोधन केंद्राची ती इचलकरंजी भागातली पर्यवेक्षक. कागदाचा तक्ता घेऊन तिनं पहिलं दार वाजवलं होतं. आता २०३४ची लोकसभा आली तरी दारं तीच होती, तक्त्याच्या जागी फक्त टॅब आला होता. प्रत्येक दारात ती आधी सांगायची, "तुमचं नाव कुठंही जाणार नाही." ते खरं होतं. एवढ्या वर्षांत एका माणसाचं मत तिनं दुसऱ्याच्या कानावर घातलं नव्हतं. म्हणून तर लोक तिला आत घ्यायचे, बसायला पाट द्यायचे.

पण मागच्या तीन निवडणुकांत केंद्राचे अंदाज सपशेल आपटले होते. माणसं विचारणाऱ्याला बरं वाटेल ते सांगत होती, किंवा मालकाला बरं वाटेल ते. गिऱ्हाईकं तुटत चालली होती. मग जानेवारीत सगळ्या पर्यवेक्षकांना पुण्याला बोलावून डॉ. निरंजन ओगल्यांनी त्यांच्या हातात 'कानोसा' दिला.

"खोटं पकडायचं यंत्र नाही हे," ओगले म्हणाले होते. "ती यंत्रं फसली. भ्यालेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, दोघांचाही आवाज सारखाच कापतो. आपण खोटं शोधतच नाही. आपण आपलेपणा शोधतो."

त्यांनी ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. आवाज निघतो गळ्यातल्या दोन बारीक पट्ट्यांच्या कंपनातून. त्या पट्ट्या ताणणारे स्नायू ज्या मज्जातंतूच्या हुकमात असतात, त्याच्याच हुकमात छातीची धडधडही असते. त्यामुळं आपल्या माणसाचं नाव कानावर पडलं की उत्तर द्यायच्या आधीच, अर्ध्या सेकंदात, गळा किंचित सैल होतो. परक्याचं पडलं की आवळतो. आपल्या कानाला हे कळत नाही. पण यंत्राला आधी मिनिटभर त्या माणसाच्या साध्या गप्पा ऐकू दिल्या, उन्हाळ्याच्या, भाजीच्या भावाच्या, की त्याला त्या माणसाची स्वतःची पट्टी, म्हणजे नेहमीचा सूर, सापडते. मग चिन्हांची नावं घ्यायची आणि आवाज त्या पट्टीपासून किती हलला ते मोजायचं. सहा लाख लोकांचे आवाज आणि त्यांनी गुप्तपणे टाकलेली नमुना मतं जुळवून यंत्राला हे शिकवलं होतं. माणूस तोंडानं कुठलं चिन्ह सांगतो, याला काही किंमतच उरली नव्हती.

"शंभरातले किती बरोबर येतात?" कुमुदनं विचारलं होतं.

"सत्त्याऐंशी."

"आणि उरलेले तेरा?"

ओगले हसले. "काही इकडचे तिकडं, काही तिकडचे इकडं. मोठ्या संख्येत चुका एकमेकींना खाऊन टाकतात. अंदाजाला धक्का लागत नाही."

सराव म्हणून प्रत्येकानं घरच्या एका माणसावर यंत्र चालवून बघायचं होतं. कुमुदचा नवरा मनोहर हौसेनं समोर बसला. तो जहाजाचे इथले पुढारी आप्पासाहेब इंगवले यांच्याच कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करणारा, सव्वीस वर्षांचा जुना माणूस. कुमुदचे वडील कामगार संघटनेतले, त्यामुळं हे घर पहिल्यापासून छत्रीचं. मनोहरही दर निवडणुकीला म्हणायचा, "आपलं ठरलेलंच हाय." त्या दिवशीही त्यानं छत्रीच सांगितलं.

पडद्यावर आलं : जहाज, ९१.

कुमुदनं टॅब पालथा ठेवला. "काय म्हणतंय यंत्र?" त्यानं विचारलं. "बरोबर आहे म्हणतंय," ती म्हणाली. मनोहरनं कुणाला मत द्यावं हा प्रश्न नव्हता. पण त्याची पेटी त्याच्या माघारी उघडून बघितल्यासारखं तिला झालं. त्यानंतर ती त्याचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू लागली. आमटी छान झालीय म्हणाला, की खरंच झालीय का? दमलो नाही म्हणाला, की दमलाय? तीन महिने ती हे मनात घेऊन वावरत होती आणि त्याला काही पत्ता नव्हता.

नसीम गेल्यावर कुमुदनं टॅब उघडला. दारोदार फिरणाऱ्यांना निकाल दिसत नसत, पण पर्यवेक्षकाला तपासणीसाठी दिसत. नसीमकडून घेतलेली अकरा नावं तिनं एकेक करून लावून बघितली. अकराच्या अकरा छत्री. त्यांतल्या नऊ जणांनी तोंडानं जहाज सांगितलं होतं.

तिनं ओगल्यांना फोन लावला.

"सर, आमच्याकडची नावं बाहेर गेलीत."

"शक्यच नाही. आपण नाव कुणालाच देत नाही, कुमुदताई. करारातच तसं आहे."

"मग काय देतो?"

"गल्ली, वय, स्त्री की पुरुष, आणि कल. बस."

कुमुद भिंतीला टेकली. मतदारयादी प्रत्येक पक्षाकडं असते. तिच्यात घर नंबर असतो, नाव असतं, वय असतं. "सर, सुतार गल्लीत चौतीस वर्षांची बाई एकच आहे," ती म्हणाली. "तिचं नाव लिहायची गरजच काय?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग ओगले म्हणाले, "गिऱ्हाईक त्या माहितीचं काय करतं, यावर आपला ताबा नसतो."

"म्हणून या खेपेला दहा घरांतलं एक न घेता घरन् घर घ्यायला सांगितलंत?"

"शेवटची फेरी शनिवारपासून आहे," ओगल्यांनी आवाज कोरडा केला. "पाच वॉर्ड उरलेत, आणि आधीची काही घरंही परत घ्यायचीत. तुमची चौदा माणसं तयार ठेवा. बाकीचं मतदान झाल्यावर बोलू."

मतदानाला सतरा दिवस उरले होते.

काम सोडावं असं कुमुदच्या मनात आधी आलं. पण ती गेली असती तर चौदांतलं कुणी तिच्या जागी बसलं असतं आणि फेरी झालीच असती. यंत्राला चुकीचं खाऊ घालता येईल हेही तिला सुचलं. जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसाची पट्टी घेतली की सगळंच बिघडतं. पण मग तिच्या हातून कुणाच्या नावापुढं काय लागलं असतं, कुणाची नोकरी गेली असती, कुणाला ठाऊक? दिवसभर विचार करून ती संध्याकाळी उठली आणि टॅब घरीच ठेवून बाहेर पडली. जिथं जिथं तिनं शब्द दिला होता, त्या दारांत ती परत जाणार होती.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, नाव कुठं जाणार नाही. ते गेलंय. यंत्र तुमचे शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतं. परत कुणी विचारायला आलं तर बोलू नका. ऊन काय म्हणतंय विचारलं तरी बोलू नका. मी आले तरी नाही."

कुणी तिला पाणी दिलं. कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीला ते काही केल्या कळेना; ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "म्हंजे मी मनात म्हटलेलं बी ऐकू गेलं व्हय?"

शिवाप्पा कुंभाराकडं तिला पाय टाकवत नव्हता. काढलेल्या अकरांत तो एक होता, साठीला आलेला. त्याच्या भिंतीवर आप्पासाहेबांचा फोटो होता, हार घातलेला.

"बघ," तो म्हणाला. "माझी हयात जहाजात गेली. आप्पासाहेबांच्या वडलांबरोबर मी प्रचाराला सायकलनं फिरलोय. आणि तुझ्या यंत्रानं मला छत्रीवाला केला. दिवाणजीच्या पाया पडून सांगितलं, तर म्हणतो, तोंडानं सगळेच असं म्हणत्यात. आता मी कुणाला आणि कसं पटवून देऊ? छाती फाडून दावू?"

कुमुदला ओगल्यांचं हसणं आठवलं. उरलेल्या तेरांतला एक माणूस तिच्यासमोर बसला होता. तो कुठल्याही मोठ्या संख्येत मिसळून गेला नव्हता. आपलं खरं सांगायला त्याच्याकडं स्वतःचं तोंडसुद्धा राहिलं नव्हतं.

"काका, चूक माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी हायच," शिवाप्पा म्हणाला. पण ती उठल्यावर तो दारापर्यंत आला. "त्या नसीमकडं जाऊन ये. तिच्या घरात नवराबायको दोघंबी बिनकामाचे बसून हाईत."

तीन दिवसांत ती चारशेवर दारं फिरली, आणि तिचं सांगणं तोंडोतोंडी उरलेल्या वॉर्डांतही पोचलं. निवडणूक आयोगाकडं तिनं तक्रारही केली. तक्रार दाखल झाल्याची पोच आली. चौथ्या दिवशी पुण्याहून पत्र आलं आणि तिची नोकरी गेली. तिच्या जागी सुनंदा भोरेला बसवलं. सुनंदा तिच्या हाताखाली दहा वर्षं काम केलेली, विधवा, दोन मुली कॉलेजात. तिला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं, आणि कुमुदनं तसं तिला म्हटलंही नाही.

शनिवारी फेरी सुरू झाली. गल्ल्यांतून दारं उघडत होती, पण माणसं बोलत नव्हती. मानेनं नाही म्हणत, हात जोडत, दार लावत. सुनंदाच्या माणसांना पहिल्या दिवशी निम्म्या घरांतून एक शब्द मिळाला नाही. कुमुदला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

सोमवारी दुपारी सुनंदा स्वतःच तिच्याकडं आली. घामानं डबडबलेली, पदर तोंडावर.

"बाई, तुम्ही लोकांना गप्प बसवलंत. पण यंत्र गप्प बसंना झालंय," ती म्हणाली. "जे बोलले नाहीत, त्यांच्या नावापुढंही कल यायला लागलाय. छत्री, ७९. छत्री, ८२."

"आवाज नाही तर कल येईल कुठून?"

"मी तेच विचारलं पुण्याला. ते म्हणाले, न बोलणं हीसुद्धा माहितीच आहे. ज्या घरांचा कल आधीच ठाऊक आहे, त्यांतली कुठली गप्प बसली ते यंत्रानं बघितलं. जहाजवाली घरं बोलतायत. त्यांना भ्यायचं कारणच नाही. गप्प बसतायत ती बहुतेक छत्रीवाली. दोन दिवसांत यंत्र ते शिकलं." सुनंदा रडायच्या बेतात होती. "रविवारी रात्री ती यादी जाईल, बाई. आधी अकरा होती. आता दोन-तीनशे असतील."

कुमुदनं सुनंदापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. लोकांना वाचवायला म्हणून तिनं जे सांगितलं, त्यानंच त्यांच्या कपाळावर शिक्का बसला होता. भ्यालेली माणसं तेवढी गप्प बसली, की गप्प बसणं हीच कबुली ठरत होती. ज्यांना लपवायचं आहे ते लपणार तरी कुठं? ज्यांना लपवायचं काही नाही, ते त्यांच्याबरोबर येऊन उभे राहिले तरच लपणार. जहाजवाल्यांनीही तोंड मिटलं तर यंत्राला काय कळणार होतं?

पण त्यांनी का मिटावं? त्यांची नोकरी शाबूत होती, मालक खूश होता.

पाळी संपवून मनोहर सहाला घरी आला. कुमुदनं त्याला हातपाय धुऊ दिले, चहा दिला, आणि समोर बसली.

"अहो, एक सांगायचंय. जानेवारीत मी तुमच्यावर यंत्र चालवलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय की."

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्यात छत्री आली नव्हती."

मनोहरनं कप खाली ठेवला. कपाचा कान त्यानं भिंतीकडं फिरवला.

"म्हणजे तीन महिने तुला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू रोज मला जेवायला वाढायलीस. बघायलीस माझ्याकडं." त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "तुझे वडील या खुर्चीत बसून मला संघटना शिकवायचे. तेव्हा मी काय बोलणार होतो? म्हटलं, घरात भांडण नको. मत माझं, पेटीत गेलं, विषय संपला. चोरी न्हवती ती, कुमुद. माझी तेवढीच एक गोष्ट होती, जी कुणाला सांगायची नव्हती. तीबी तू घेतलीस."

"घेतली," कुमुद म्हणाली. "तुमची घेतली, नसीमची घेतली, शिवाप्पाकाकांची नसलेलीसुद्धा घेतली. माफी मागून ती परत देता येत नाही, म्हणून मागत नाही. पण आता तुमच्याकडं एक मागायचंय, आणि ते तुमच्यासारख्यांकडंच मागता येतं."

तिनं सुनंदाचं सगळं सांगितलं. मनोहर ऐकत राहिला.

"म्हणजे मी मुका व्हायचं," तो म्हणाला. "मला कुणी काही करणार नसताना. उलट गप्प बसलो तर मलाच छत्रीवाला धरतील."

"हो."

"आणि शिवाप्पासारखं मलाबी काढलं तर?"

कुमुदनं रिकामे कप उचलले. मनोहर उठला, सदरा चढवला आणि बाहेर गेला. दोन तासांनी आला, जेवला, झोपला. तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण त्या संध्याकाळी तो पुन्हा बाहेर गेला, बुधवारीही गेला. कुठं जातो ते तिनं विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी तो डबा घेऊन निघताना म्हणाला, "आजपासून कारखान्यात आवाजाची हजेरी सुरू व्हायलीय. अंगठ्याचं मशीन बंद. फाटकावर पुण्याहून आलेल्या टॅबपुढं वाक्य वाचायचं, मग आत. दिवाणजीनं काल वाक्याचा कागद लावलाय." तो थांबला. "बंदराला जहाज लागलं, उन्हात छत्री उघडली. असं वाक्य हाय."

दोन्ही चिन्हं एकाच वाक्यात होती. "मी येऊ?"

"रस्ता सगळ्यांचा हाय," मनोहर म्हणाला.

कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यापाशी ती उभी राहिली. साडेसातच्या पाळीची एकशेतीस माणसं फाटकाबाहेर जमली होती. आतून रात्रपाळीचे माग थांबत चाललेले ऐकू येत होते. खडखडाट कमी कमी होत गेला आणि रस्ता एकदम रिकामा वाटायला लागला. चौगुले दिवाणजी टेबल टाकून बसले होते, टॅब उभा करून. लग्नसराईचा माल आठवडाभरात सुरतेला जायचा होता, त्यामुळं आप्पासाहेबांची गाडीही आतच उभी होती.

"चला, मास्तर," दिवाणजींनी मनोहरला पुढं बोलावलं. आपल्या माणसापासून सुरुवात केली की बाकीचे मुकाट येतात, असा त्यांचा हिशेब असावा. "तुम्ही सुरुवात करा."

मनोहर टेबलापुढं उभा राहिला. कागद बघितला. कुमुदला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ ताठली होती.

तो काही बोलला नाही.

"वाचा की. चष्मा इसरला काय?"

मनोहरनं मान हलवली. टेबलाच्या कडेला जुन्या हजेरीची वही पडली होती. त्यानं ती ओढली, दिवाणजींच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि आपलं नाव लिहिलं. खाली सही केली. मग तो बाजूला होऊन फाटकाला टेकून उभा राहिला.

"हे काय? मास्तर, तुम्ही? तोंडानं बोला! बोलल्याशिवाय हजेरी न्हाई!"

मागचा माणूस पुढं आला. सर्जेराव, मनोहरच्या हाताखालचा. त्याच्या मोटरसायकलला जहाजाचं निशाण होतं. त्यानं वही घेतली आणि सही केली. त्याच्या मागचा, त्याच्या मागचा. गेल्या तीन संध्याकाळी मनोहर कुणाकुणाच्या घरी गेला होता, ते कुमुदला आता दिसत होतं. जहाजाचे बिल्ले लावलेली माणसं एकामागून एक मुक्यानं सही करत होती, आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्या मागं, दुसरीही. कोण कुठला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. तिघांनी वाक्य वाचलं, घाईघाईनं, खाली मान घालून. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

दिवाणजी आत धावले. आप्पासाहेब बाहेर आले. पांढरा सदरा, हातात मोबाइल. त्यांनी रांगेकडं पाहिलं, मग मनोहरकडं.

"मनोहर, तुला काय कमी केलं मी?"

मनोहरनं हात जोडले. तोंड उघडलं नाही.

आत शंभरावर माग गप्प उभे होते. पावणेआठ झाले, आठ झाले. उन्हात कुणी हलेना. एका बाईनं डबा जमिनीवर ठेवला, त्याचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू आला. कुमुदला वाटत होतं, आता हा माणूस म्हणेल, सगळे घरी जा. आणि मग नसीमच्या दारासारखी एकशेतीस दारं तिच्यापुढं उभी राहतील.

सव्वाआठला आप्पासाहेब दिवाणजींना म्हणाले, "टॅब उचला. सोडा सगळ्यांना आत." आणि गाडीत बसून निघून गेले.

त्या आठवड्यात सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्यांनी तेच केलं, मग बाजारपेठेनं. इंगवल्यांच्या फाटकावरची गोष्ट पारावर, दवाखान्यात, केशकर्तनालयात फिरत होती. जहाजाच्या सभेला गर्दी व्हायची, छत्रीच्याही व्हायची, पण अनोळखी माणसानं वेळ विचारली तरी लोक मनगट पुढं करायचे. सुनंदानं निरोप पाठवला : शहराच्या शहर पडद्यावर एकाच रंगाचं झालंय, कल निश्चित नाही. दुसरी यादी गेली होती, पण तिच्यात आता इतकी नावं होती की तिचा कुणाला उपयोग नव्हता.

निकाल लागला. जनकौल केंद्रानं जहाज चाळीस हजारांनी येईल असं सांगितलं होतं. जहाजच आलं, पण एकोणीसशे मतांनी. आप्पासाहेबांनी मिरवणूक काढली, पण गुलालाच्या पोत्यांतली निम्मी तशीच परत गेली. एवढी मतं कुठं गेली, कुणी दिली नाहीत, हे त्यांना कळायचा काही मार्ग उरला नव्हता.

नसीमला त्यांनी परत घेतलं नाही. तिला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं, बसनं अर्धा तास लांब. कुमुदशी ती बोलते, पण पूर्वीसारखी घरात येत नाही. शिवाप्पाच्या भिंतीवरचा फोटो गेला. त्यानं मत कुणाला दिलं ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. मनोहरला काढणं परवडणारं नव्हतं. आप्पासाहेब त्याच्याशी बोलायचे मात्र थांबले. केंद्राविरुद्ध चौकशी बसली, आणि तिच्यात साक्ष द्यायला कुमुद जूनमध्ये दोनदा पुण्याला जाऊन आली.

दुसऱ्या खेपेला ती परतली तेव्हा मनोहर स्टँडवर न्यायला आला होता. दोघं चालत निघाले. गावातले माग सुरू होते, त्यामुळं शेजारी चालतानाही जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"ते यंत्र शंभरात तेरा वेळा चुकतं म्हणालीस न्हवं?" मनोहरनं अचानक विचारलं.

"हो."

"मग माझ्या वेळी ते बरोबर होतं का चुकीचं, हे तू कधी विचारलंच न्हाईस."

कुमुद थांबली. त्या सकाळी फाटकापाशी तिला त्याची फक्त पाठ दिसली होती. मतदानाच्या दिवशी केंद्रातून तो बाहेर आला तेव्हा चेहरा दिसला होता, पण त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"सांगू?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा होती की दुखणं, हे तिला ओळखता आलं नाही. ओळखायचा प्रयत्नही तिनं केला नाही.

"नको," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी अर्धी आपल्या हातात घेतली.